साच्यावर काही नव्हतं

आमच्या मशीनचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे केस. प्लास्टिकची पांढरी शीट तापून सायीसारखी मऊ होते, खालून अॅल्युमिनियमचा साचा वर येतो, साच्याच्या बारीक भोकांतून हवा ओढली जाते आणि शीट त्याला अशी चिकटते, की साच्यावर एखादा केस असला तरी तो ट्रेच्या तळाशी उमटतो. एकाच ट्रेत नाही. साचा पुसेपर्यंत निघणाऱ्या प्रत्येक ट्रेत. आम्ही दवाखान्यांना लागणारे उथळ ट्रे बनवतो. त्यांचा तळ कोरा असावा लागतो. म्हणून डोक्यावर टोपी, हातात मऊ फडकं आणि डोळे तळावर.

हे मला मावशींनी शिकवलं. मावशी म्हणजे माझ्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला येणाऱ्या बाई. माझ्या कुणी लागत नाहीत, पण अख्खा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा. मी रसायनशास्त्राची पदवीधर. पहिल्याच दिवशी मी त्यांना या प्लास्टिकचं शास्त्रीय नाव ऐकवलं, तर म्हणाल्या, "नाव राहू दे गं, आधी त्याचा स्वभाव ओळख."

साचा पुसायचा तर जाळीचं दार उघडावं लागतं. दार उघडलं की चौकटीवरचा स्विच सुटतो आणि मशीन थांबतं. ते पुन्हा तापून कामाला लागेपर्यंत सहा मिनिटं जातात. केसागणिक सहा मिनिटं. ठरलेला आकडा गाठल्याशिवाय निघता येत नाही, आणि पाळणाघर साडेतीनला बंद होतं. यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक होता, कुणी बोलत मात्र नव्हतं. स्विच दाबून बांधून ठेवायचा. मग दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटतं. आपण फक्त वेळ साधून हात आत घालायचा आणि काढायचा. मावशींनी मला ही एकच गोष्ट कधी शिकवली नाही. ती मी इतरांचं बघून शिकले.

मी स्विच लेकीच्या केसांच्या रबराने बांधायचे. पिवळं, दोन मणी असलेलं. पाळी संपली की सोडून खिशात टाकायचे.

त्या मंगळवारी पाळणाघरातून फोन आला, पोरीला ताप चढलाय. तीनच्या ठोक्याला मी मशीन मावशींच्या हवाली केलं. "पळ पळ, मी बघते इथलं," त्या म्हणाल्या. मी पळाले. रबर स्विचवरच राहिलं.

पंधरा मिनिटांनी मावशींनी साचा पुसायला दार उघडलं. मशीन थांबलं असणार या भरवशावर उजवा हात आत घातला. साचा हातासकट वर निघाला. वर तापलेली शीट होती. त्यांनी हात उलटा करून तळव्याने ती अडवून धरायला पाहिलं.

हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. पॅनेलवर नोंद होती, दार बंद. म्हणजे स्विच बांधलेला होता. पण मेकॅनिक धावत आला तेव्हा स्विच मोकळा होता. आसपास दोरा नाही, चिंधी नाही. सुपरवायझरनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, तुम्ही निघालात तेव्हा स्विच मोकळा होता ना?"

"हो," मी म्हणाले.

"वाटलंच. या जुन्या बायका कुणाचं ऐकतील तर शपथ. आणि वर बांधलेलं काढूनही टाकलं!"

मी मान डोलावली. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी डोलावली. कागदावर आलं, की ऑपरेटरने स्वतः स्विच बांधला आणि नंतर पुरावा लपवला. चौदा वर्षांची नोकरी घालवायला तेवढं एक वाक्य पुरलं. रबर कुठे गेलं, हे मला रोज विचारावंसं वाटायचं. कुणाला विचारणार?

नवव्या दिवशी ट्रेच्या तळाशी एक बारीक वाकडी रेघ आली.

केस असेल. मी दार उघडलं, मशीन थांबू दिलं, साचा पुसला, सहा मिनिटं उभी राहिले. पुढच्या ट्रेत रेघ होतीच. दुपारपर्यंत तिच्याखाली दुसरी आली. दुसऱ्या दिवशी तिसरी, आणि त्यांच्याभोवती एक पुसट, रुंद फुगवटा.

ट्रे तपासणाऱ्या बाईने एक उजेडासमोर धरला. "अगं, हा तर पंजा! मशीन आता हात बघून भविष्य सांगणार वाटतं. विचार की, माझी बढती कधी ते!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

साचा साफ होता. मी त्यावरून नख फिरवलं, भिंग लावलं. सुपरवायझरनी शीटचा रोल बदलला, मग गोदामातून दुसरा, कोरा साचा आणून बसवला. पहिलाच ट्रे निघाला. पाच बोटं. बोटांच्या टोकांवर भोवऱ्यासारखी बारीक वळणं.

कॉलेजात शिकलेलं आठवलं, की अशा प्लास्टिकला आठवण असते. घडवलेला तुकडा पुन्हा तापवला तर तो पहिल्यासारखा सपाट होतो. मी एक ट्रे चिमट्याने हीटरखाली धरला. कडा आधी लवल्या, मग भिंती बसल्या, कोपरे विरले. पाच-सहा सेकंदांत चिमट्यात सपाट पांढरा तुकडा उरला.

त्यावर पंजा तसाच होता.

त्याच आठवड्यात गेटवरचं हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेईना. वॉचमन म्हणाला, "पुसा, फुंकर मारा, ओला करा." सगळं करून झालं. शेवटी त्याने वहीत सही घेतली. "प्लास्टिकवाल्यांचं होतं असं. उष्णतेनं ठसे झिजतात," तो म्हणाला. मी ते पटवून घेतलं. मला त्या दिवसांत काहीही पटत होतं.

रविवारी एक ट्रे वर्तमानपत्रात गुंडाळून मी मावशींकडे गेले. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. त्यांनी डाव्या हाताने दार उघडलं, डाव्या हाताने चहा टाकला. साखरेच्या डब्याचं झाकण दातांनी उघडताना मी पाहिलं, तेव्हा म्हणाल्या, "बघतेस काय, माकडाला जमतं ते मला जमणार नाही होय?"

मी ट्रे पुढे ठेवला. सांगायचं बरंच ठरवून गेले होते. तोंडातून एवढंच आलं, "मावशी, हा तुमचा हात आहे का?"

त्यांनी उजव्या हाताची पट्टी सोडली. तळवा गुलाबी, चकचकीत होता. एक रेघ नाही. त्यांनी तो ट्रेवर ठेवला. बोटं ठशाबाहेर आली.

"माझा पंजा एवढासा कुठला? तुझा ठेव बघू."

मी ठेवला. तो बसला. कडेला केसभरही जागा उरली नाही.

मावशींनी उठून कपाटाच्या खणातून काहीतरी काढलं आणि माझ्या दुसऱ्या हातावर ठेवलं. पिवळं रबर. एक मणी वितळून चपटा झाला होता.

"पोरीचं आहे ना? द्यायचं राहून गेलं."

"तुम्ही... तशा हाताने हे सोडलंत?"

"डाव्या हाताने सोडलं. माणसं यायच्या आत."

"का पण?"

"ताप होता ना तिला?" त्या म्हणाल्या. "दोघींची नोकरी जाऊन काय मिळालं असतं?"

"मी उद्याच सुपरवायझरना सांगते. तुमचं नाव कागदावरून काढायला लावते."

त्यांनी कपात चहा ओतला. गाळणी कपावर झटकली. मग म्हणाल्या, "बघ बाई. तू शिकलेली आहेस."

जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. हे लिहिताना मान खाली जाते, पण तसं वाटलं खरं. त्यांनी 'सांग' असं म्हटलं नव्हतं.

सोमवारी मी सांगितलं नाही. सोमवारी ट्रे कोरे निघाले. मंगळवारी कोरे. बुधवारी सुपरवायझर म्हणाले, "ताई, तुम्ही बसलात की मशीन शहाण्यासारखं वागतं बघा." मी घरी जाऊन माझे तळवे दिव्याखाली धरले. ते मावशींच्या तळव्यासारखे होते, फक्त भाजलेले नव्हते. रेघ नाही, वळण नाही. चालेल, मी स्वतःशी म्हटलं. एवढ्यावर भागत असेल तर चालेल.

गुरुवारी सकाळी लेकीचे केस बांधायला दुसरं काही सापडेना. मी ते पिवळं रबर लावलं.

अकरा वाजता ट्रेच्या तळाशी रेघ आली. मी साचा पुसला. साच्यावर काही नव्हतं.

साडेबाराला पाच बोटं आली. ती ट्रेच्या मधोमध होती, आणि चारी बाजूंना खूप जागा मोकळी होती. तपासणारी बाई जेवायला गेली होती. मी माझी करंगळी त्यातल्या मधल्या बोटावर ठेवली.

करंगळी मोठी होती.

मी आकडा पूर्ण केला. तेही केलं. तो ट्रे पिशवीत घातला आणि तीन वाजता निघाले.

पाळणाघराच्या भिंतीवर आज मोठा कागद चिकटवला होता. मुलांनी रंगात हात बुडवून उमटवलेले पंजे, खाली बाईंच्या अक्षरात प्रत्येकाचं नाव. लाल, हिरवे, निळे. सगळ्यांच्या तळव्यांवर पांढऱ्या बारीक रेघा सुटलेल्या होत्या. माझ्या लेकीचा निळा होता. सलग निळा, भिंतीला रंग दिल्यासारखा.

"हिने रंग जास्त घेतला असेल," बाई म्हणाल्या. "तीनदा करून घेतलं तरी तसंच. हट्टी आहे हो तुमची!"

मी चपला घातल्या. लेकीने विचारलं, "आई, घरी?"

"नाही. आधी माझ्या कारखान्यात. एका काकांना काहीतरी सांगायचंय."

"मग घरी?"

"मग मावशींकडे. मग घरी."

सुपरवायझर पाचपर्यंत असतात. आम्ही वळलो. लेकीने नेहमीसारखं माझं बोट धरलं. दोन पावलांवर ते निसटलं. तिने हसून पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं.

मी थांबून तिचा हात फ्रॉकला पुसला.

हात कोरडाच होता.