उजवी सीट

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण अलकामावशी माझी सख्खी मावशी आहे, आणि हे तिच्यासोबतच घडलंय.

१९९६ चा मे महिना. दिल्लीजवळ, मानेसरच्या पुढे शेतांमधली एक खासगी धावपट्टी. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

मावशीचे यजमान, सुधन्वाकाका, सरकारी नोकरी सोडून एका नव्या कंपनीच्या मालकाचं छोटं विमान चालवायचे. दिल्लीतल्या द्वारकेत नवा फ्लॅट, सगळं छान चाललं होतं.

फक्त एक नाव घरात नको होतं.

कुमुद.

काका तिच्याबरोबरच विमान चालवायला शिकले. लग्नही ठरलं होतं. मग एका वादळात उतरताना तिचं विमान कोसळलं, आणि ती गेली.

तरी मावशी जळायची. "जिवंत बाईशी भांडता तरी येतं गं. हिच्याशी कशी भांडू? यांच्या तोंडी झोपेतही तिचंच नाव!"

त्या दिवशी मालकाला जयपूरला सोडून विमान रिकामं परत येणार होतं. मावशी हट्टाने सोबत गेली. काकांच्या शेजारी, उजव्या सीटवर बसली.

धावपट्टी दिसली, आणि आंधी आली.

आकाश धुळीने पिवळं झालं. उजवीकडून वाऱ्याचे झोत आदळू लागले. काका विमानाचं नाक वाऱ्याकडे तिरपं धरून खाली येत होते. टेकायच्या आधी ते सरळ करावं लागतं. पायाने, डावं पेडल दाबून.

"अलका... पायात गोळा आलाय. पाय हलत नाहीये!"

मावशीसमोरही तशीच, काकांच्या पेडल्सना जोडलेली पेडल्स होती. पण तिने भीतीने पाय पोटाशी घेतले होते.

जमीन जवळ येत होती...

तेवढ्यात तिच्या हेडफोनमधली खरखर थांबली.

मग एका बाईचा आवाज.

"घाबरू नकोस रे. मी दाबते."

मावशीने खाली पाहिलं.

तिच्यासमोरचं डावं पेडल... हळूहळू आत गेलं.

नाक सरळ झालं. चाकं टेकली.

"तू दाबलंस? बिल्कुल परफेक्ट, यार!" काका पोटरी चोळत म्हणाले.

"मी नाही. अहो, तुम्ही तो आवाज ऐकलात?"

"कसला आवाज? रेडिओ तर मघाशीच बंद पडला."

 इंजिन थांबताना तोच आवाज पुन्हा आला... अगदी मावशीच्या कानाशी.

"ऊठ. माझी जागा आहे."

मावशी पुन्हा त्या विमानात बसली नाही. काका मात्र पुढे कित्येक वर्षं उडत राहिले.

"आंधी आली की काळजी नाही वाटायची?" मी विचारलं.

"कशाची काळजी? ते सुखरूप उतरणार, हे माहीतच होतं," मावशी म्हणाली. "ती उतरवणार."

तिच्या आवाजात भीती नव्हती. राग होता.

मला मात्र अजूनही वारा सुटला की त्या दोघींची भीती वाटते...