पाहुणा आत आहे

दुपारी दीड ते साडेतीन हा मृणालिनीचा हक्काचा वेळ. तीन वर्षांची मनाली जेवून शेजारच्या हंसाबेनकडे खेळायला गेली, की शांती नगरमधली ती दोन खोल्यांची जागा एकदम ऐसपैस वाटायची. मग मृणालिनी कॉम्प्युटरसमोर बसायची, पाय समोरच्या स्टुलावर. पाय वर ठेवायची डॉक्टरबाईंची सक्तीच होती. तिला पुन्हा दिवस राहिले होते, आणि गेल्या वर्षीच्या श्रावणातलं नऊ आठवड्यांतच गेलं होतं. म्हणून या खेपेला जिना नाही, पाण्याची बादली नाही, कॉम्प्युटर क्लासमधली शिकवायची नोकरीही नाही. राहील ना या वेळी, एवढा एकच प्रश्न घरात होता आणि तो कुणी विचारत नव्हतं.

नुसतं बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. जगभरची माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होती, हौसेने, फुकट. ऑक्टोबर २००८ च्या अखेरीस तिची नवी आवृत्ती यायची होती, आणि तिच्यातली बटणं, सूचना मराठीत आणायचं काम पाच-सहा जणांनी अंगावर घेतलं होतं. मृणालिनी त्यांतली एक. तपासायला निकेत होता, मूळचा रत्नागिरीचा, पुण्यात नोकरीला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण चॅटवर तो तिला ताई म्हणायचा आणि हक्काने चुका काढायचा.

नव्या आवृत्तीत एक सोय तिला फार आवडली होती. घरी आलेल्या माणसाला घटकाभर कॉम्प्युटर हवा असला, तर त्याच्यासाठी वेगळी जागा. पाहुणा बसला की सुरुवातीच्या पडद्यावर 'पाहुणा आत आहे' असं यायचं, आणि त्यापुढे किती मिनिटं झाली ते. पाहुणा उठला की त्याचं सगळं आपोआप पुसलं जायचं. मागे काहीच राहायचं नाही.

तो उठताना दाबायच्या बटणावर तिने लिहिलं, 'येतो'.

निकेतने लगेच पकडलं. "ताई, बटण आहे ते, पुण्याला निघालेला मामा नाही. 'येतो' म्हटलं की माणूस परत येणार. इथे पाहुण्याला कायमचं पुसायचंय."

आमच्यात 'जातो' म्हणून कुणी उंबरा ओलांडत नाही, असं तिने कळवलं. एरवी तिने हट्ट केला नसता. पण या दिवसांत कुणालाही, अगदी बटणालासुद्धा, 'जा' म्हणायचं तिच्या जिवावर येत होतं. राहू दे सध्या, शेवटी बघू, असं निकेत म्हणाला.

मग तिने कच्ची आवृत्ती आपल्या कॉम्प्युटरवर चढवली, पाहुणा म्हणून आत गेली, 'येतो' दाबून बाहेर आली. सगळं ठीक चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर होतं: पाहुणा आत आहे. सात आठवडे, दोन दिवस.

घरात कुणी आलं नव्हतं. रोहित, तिचा नवरा, सकाळी आठलाच अंधेरीला कामावर गेला होता. तिने आत जाऊन पाहिलं. कोरा, निळा पडदा, एक फाइल नाही. निकेतला विचारलं तर तो म्हणाला, मिनिटं आणि आठवडे या शब्दांची तुझ्याकडून अदलाबदल झाली असणार. तिने भाषांतराची यादी तपासली. शब्द जागच्या जागी होते.

मग सहज तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. डॉक्टरबाईंनी ज्या तारखेपासून मोजायला सांगितलं होतं, तिथपासून तिने बोटांवर मोजलं. सात आठवडे, दोन दिवस.

भीती वाटायला हवी होती. तिला वाटली नाही. उलट रोज दुपारी आधी तो आकडा बघायचा आणि मगच कामाला लागायचं, अशी सवय जडली. सात आठवडे सहा दिवस. आठ आठवडे तीन दिवस. आकडा बघितला की तिचा दिवस चांगला जायचा. ती गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालायची. हंसाबेन मनालीला सोडायला आल्या की म्हणायच्या, "लेट जाओ ना बेटा, कम्प्यूटर कहीं भागेगा थोडी." ती हसून त्यांना चहा पाजायची.

नऊ आठवडे भरायच्या दिवशी मात्र तिच्याने जेववेना. ती पडद्यासमोर बसून राहिली आणि पावणेदोनला लाइट गेली.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. खालून भंगारवाल्याची हाळी आली आणि विरली. सवयीने तिने कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. तो कोमट होता, आणि आत काहीतरी चालू होतं. बारीक, भरभर, एका लयीत. विजेशिवाय.

चाळीस मिनिटांनी लाइट आली. पाहुणा आत आहे. नऊ आठवडे.

त्या दिवशी ती रडली, आणि मग दोनदा वाढून घेऊन जेवली.

आवृत्ती पक्की व्हायची वेळ आली तेव्हा निकेतने 'येतो' काढून 'बाहेर पडा' केलं. तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा हा नियमच होता, तिचा इलाज नव्हता. सुधारलेली आवृत्ती तिच्या कॉम्प्युटरवरही आली. बटण बदललं. पाहुणा होता तिथेच होता.

रविवारी दुपारी रोहित मेल बघायला बसला. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी होती, म्हणून तो सकाळपासून उगाच काहीबाही आवरत होता.

"हे काय गं? दहा आठवडे कोण बसलंय?"

त्याने बाण 'बाहेर पडा'वर नेला.

"नको," मृणालिनी म्हणाली.

"रिकामंच आहे ते. मशिन स्लो होतंय."

"राहू दे."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. तिचा हात पोटावर होता. त्याने माऊसवरचा हात काढून घेतला.

सोमवारी सकाळी सिल्व्हर पार्कच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ठोके ऐकवले. बारीक, भरभर, एका लयीत. मृणालिनीने ते ओळखले.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "अकरा आठवडे. आता काळजी नाही."

"एकच आहे ना?" रोहितने हसत विचारलं.

बाईंनी यंत्र पुन्हा एकदा सावकाश फिरवून दाखवलं. एकच होतं.

रिक्षात रोहितने तिचा हात सोडला नाही. घरी येऊन तो पेढे आणायला खाली गेला. तिने पाय स्टुलावर घेतले आणि कॉम्प्युटर सुरू केला.

पडद्यावरचं वाक्य तिने लिहिलेलं नव्हतं. निकेतनेही नव्हतं. तसं वाक्य त्या यादीतच नव्हतं, कारण एका वेळी एकाच पाहुण्याची सोय होती.

दोन पाहुणे आत आहेत.

अकरा आठवडे.

एक वर्ष, चार महिने.

तो कॉम्प्युटर घरात येऊन अजून सात महिनेही झाले नव्हते.