चप्पल पाहा, पंचफुला

"ओ बाई, तुमची चप्पल..."

सन पंचावन्नचा केनवडचा बाजार. पंचफुलाने हाक ऐकली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. पोरींना थांबवायच्या युक्त्या तिला काय ठाऊक नव्हत्या? हाक पुन्हा आली तशी ती फणकारली, "माह्या पायातच हाये." आणि खाली पाहिलं तर उजवा पाय अनवाणी! टाचेत बाभळीचा काटा, धुळीत रक्ताचे ठिपके.

चप्पल हातात धरून उभा होता जानराव, शेजारच्या गावाहून कांद्याची बैलगाडी आणणारा. त्याने तिला गाडीवर टेकवलं, काटा उपसला. तिने हूं की चूं केलं नाही.

"दुखून नाही राह्यलं?"

मग तिने सांगूनच टाकलं. मागच्या वर्षी ताप आला आणि दोन दिवसांत कमरेखालचं अंग लुळं पडलं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आहे. कशाने आली ते सांगता येत नाही, पुन्हा येईल का तेही नाही. चार महिन्यांनी ती उभी राहिली, पण उजवं पाऊल बधिर ते बधिरच.

आता हाही कारण सांगणार, अशी तिची खात्री होती. गावात ज्याच्या त्याच्याकडे एकेक कारण तयार होतं. कुणी म्हणे नजर लागली, आणि चतुराबाई मावशी तर म्हणे पोर उंबरठ्यावर शिंकली म्हणून! जानरावने मात्र एवढंच विचारलं, की मग चप्पल पायात आहे का नाही, हे समजतं कसं? पाहून, ती म्हणाली.

"मंग पाहत जा ना."

मेला! पण ती हसली... वर्षभरात पहिल्यांदा पोटभर हसली.

पुढच्या बाजारी त्याने बैलाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं कापून तिच्या चपलेला टाचेमागून बंद शिवून दिला. तरी दर बाजारी कांद्याच्या ढिगाआडून हाक यायचीच, "चप्पल पाहा, पंचफुला." ती खाली पाहायची आणि मग वर, त्याच्याकडे. वर पाहायला काही कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाली, आणि घरच्यांना मागणी घालायला पाठवण्याआधी त्याने तिलाच विचारलं. हो म्हणायला तिचा जीव आसुसला होता, म्हणून तर ती चिडून बोलली.

"उद्या पुन्हा सूज आली तं? मी खाटेवरून उठलीच नाही तं?"

"तं गाडी जुपीन, अकोल्याले नेईन. उभी झाली तं बरं. नाही झाली तं खाट ओसरीत टाकीन. कांदे निवडायले पाय थोडीच लागते."

तिचे डोळे भरून आले.

"धडधाकट पोरी काय कमी हायेत? माह्यावरच काहून जीव जडला तुमचा?"

जानरावने डोकं खाजवलं.

"कारण सापडून नाही राह्यलं," तो म्हणाला. "डॉक्टरलेही सांगता येणार नाही."

"अन् हे खूळ उतरलं तं?"

"हे उतरत नसते."

तिने मान खाली घातली. लाजून घातली होती, पण या खुळ्याला वाटलं चप्पलच पाहते आहे.

"पायातच हाये," तो हळूच म्हणाला.

"माहीत हाये मले," पंचफुला म्हणाली, आणि तिने वर पाहिलं.