आई दाखवा, मग पिल्लू

डोंगरावरचा पाऊस त्या दिवशी आडवा येत होता, आणि तो माणूस पाय न पुसताच माझ्या दुकानात शिरला. बगलेत जर्दाळूच्या रंगाचा पूडल कुत्रा, पूडलच्या अंगावर माणसाचा कोट, आणि माणूस नखशिखांत भिजलेला. मला हसू आलं, पण फरशी मी नुकतीच पुसली होती, म्हणून ते गिळलं.

“वेळ घेतलेली नाही,” तो म्हणाला. “पण साहेबांचे उद्या फोटो आहेत.”

“साहेब कोण? तुम्ही की हा?”

“हा. बारन. मी त्याचा ड्रायव्हर.”

“मग साहेबांना टेबलावर ठेवा आणि ड्रायव्हरनं पायपुसण्यावर उभं राहावं.”

तो खरंच जाऊन पायपुसण्यावर उभा राहिला. केसांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता... डावा गाल आधी, मग उजवा. मी बारनच्या कानामागे कंगवा घातला. एक गाठ नाही. इतका निगुतीनं ठेवलेला कुत्रा महिन्यातून एखादाच येतो, आणि कुत्र्याला असं ठेवणारा माणूस वाईट नसतो, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

“फोटो कशाचे?”

“बापाचे. आम्ही कॉकापूची पिल्लं विकतो. आई स्पॅनियल, बाप हे साहेब.”

माझा हात थांबला. कॉकापू म्हटलं की माझं डोकं फिरायचं. लोक ‘केस गळत नाहीत’ ऐकून ती पिल्लं घेतात, वर्षभर कंगवा लावत नाहीत, मग जटा झालेलं कुत्रं माझ्या टेबलावर आणून ठेवतात. मशीन लावलं की मालकीण माझ्याच नावानं रडते. हे सगळं मी त्याला ऐकवलं, आणि बारनच्या शेपटीचा गोंडाही कापत राहिले.

“झालं बोलून?” त्यानं विचारलं.

“नाही. प्राण्यांच्या आश्रमात कुत्री पडून आहेत, त्यांना कुणी विचारत नाही. आणि तुम्ही नवीन जात काढता, नाव असं की लहान मूल शिंकल्यासारखं.”

“आणि जातिवंतवाले? त्यांच्या त्या चपट्या नाकाच्या पग कुत्र्यांना धड श्वास घेता येत नाही. माझ्या आजोबांकडची मेंढ्यांवरची कुत्री काय वंशावळ घेऊन आली होती? जी राखणीला चांगली, ती ठेवायची. मिसळ आहे म्हणून वाईट, असं थोडंच असतं?”

“मिसळीला माझी ना नाही. विकण्याला आहे.”

“मग एकदा घरी येऊन बघा. कायदाच आहे, पिल्लू घेताना आई बघायची. तुम्ही पिल्लू घेऊ नका, पण... आई बघा.”

“हे आमंत्रण आहे की कायदा?”

“पायपुसण्यावरून दुसरं काय बोलणार माणूस?”

तो मला आवडला. उगाच आढेवेढे कशाला? त्याचं नाव गेथिन. तो गेल्यावर पायपुसणं पिळून वाळत घालताना मी गुणगुणत होते.

रविवारी मी त्याच्या शेतावर गेले. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, तव्यावर मनुकांचे केक, आणि शेगडीजवळच्या टोपलीत टेगन, सोनेरी स्पॅनियल, भोवती सहा पिल्लं. बघायला आलेल्या एका जोडप्यातल्या बाईनं हळूच मला विचारलं, “तुम्ही इथल्याच का?” मी काही बोलायच्या आत गेथिन म्हणाला, “नेरिस गावात कुत्र्यांचे केस कापते. तिला जे कुत्रं पसंत पडतं ना, ते चांगलंच असतं.”

“मला अजून काही पसंत पडलेलं नाही,” मी म्हटलं.

“बघा, किती खरं बोलते.” जोडपं हसलं. पिल्लू ठरलं.

नंतरचे सगळे रविवार मी तिथेच होते. चहा मी ओतायचे, केक तो उलटायचा, आणि त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं की दोघंही ‘अरे, सॉरी’ म्हणायचो, तरी जागा कुणीच सोडायचं नाही. माणसं गेल्यावर तो माझ्या केसांना चिकटलेलं पीठ फुंकर मारून उडवायचा. दुकानात कुणी विचारलं, “बाई, चांगलं पिल्लू कुठे मिळेल?” तर मी डोंगराकडे बोट दाखवायला लागले. मी! आश्रमाची बाजू घेऊन ज्याच्या-त्याच्याशी भांडणारी! प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. मला नीट दिसत होतं, फक्त एकाच दिशेचं. टेगनकडे माझं लक्ष कधी गेलंच नाही. ते कुठे होतं हे सांगायला नको.

प्रॉथरोबाईंना मीच पाठवलं. चॅपलमध्ये ऑर्गन वाजवून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. “तू सांगतेस ना पोरी, मग मला बघायचीही गरज नाही,” म्हणाल्या, आणि सगळ्यांत लहान पिल्लू घेऊन गेल्या.

त्याच संध्याकाळी गेथिननं गोठ्याच्या भिंतीला टेकून विचारलं, “करियाद... इथेच राहायला येतेस?” आमच्याकडे करियाद म्हणतात लाडक्या माणसाला. एरवी तोंडाला कुलूप न लागणारा माणूस, पण मान खाली घालून बुटानं माती उकरत होता.

“राहायला म्हणजे? भाड्यानं?”

“बायको म्हणून गं.”

“विचार करून रविवारी सांगते,” मी म्हटलं. विचार कसला डोंबलाचा. मी मनात पडदेसुद्धा निवडले होते.

हो म्हणायला पुढचा रविवार ठरवला होता. त्याआधी, शुक्रवारी, प्रॉथरोबाई दुकानात आल्या. हात रिकामे होते.

“सोमवारची अंघोळ रद्द करायची आहे,” म्हणाल्या. “पिल्लाची पहिली होती ना. ते... गेलं, बाळ. डॉक्टर म्हणाले, आतड्याचा आजार, येतानाच घेऊन आलं असणार. पण माझंच काहीतरी चुकलं असेल. थंड दूध दिलं होतं एकदा. गेथिनला काही बोलू नकोस हं. इतकी चांगली माणसं.”

मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्या माझा हात धरून माझीच समजूत घालत राहिल्या. त्यांना घरी पोचवून मी दुकान बंद केलं आणि डोंगराकडे गाडी वळवली. गेथिनवर संशय नव्हता, खरंच नव्हता. बाकीची पिल्लं बरी आहेत का बघावं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं, एवढंच मनात होतं.

तो मागे अंगणात होता. स्वयंपाकघरात टेगन एकटीच. गिऱ्हाईक नसल्यामुळे टोपलीत बसायची तिला सक्ती नव्हती. ती धावत आली आणि माझ्या पायाशी उताणी पडली. मी पोट खाजवायला हात घातला. पोट गुळगुळीत, ओढलं न गेलेलं. सहा पिल्लं पाजलेल्या कुत्रीचं पोट असं नसतं. मग बोटाखाली एक बारीक, जुना, सरळ व्रण आला. पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात त्या ऑपरेशनचा.

गेथिन दारात आला. “अगं, आज कशी काय?”

“हिचं ऑपरेशन कधी झालं?”

“कसलं...” त्यानं माझा हात कुठे आहे ते पाहिलं. “चार वर्षं झाली.”

“पिल्लांची आई कुठाय?”

तो खोटं बोलू शकला असता. “चल,” म्हणाला.

ज्या गोठ्याच्या भिंतीला टेकून त्यानं मला मागणी घातली होती, त्याच गोठ्याचं दार त्यानं उघडलं. दुधाला भाव राहिला नाही तेव्हा वडिलांनी गायी विकल्या, हे त्यानं मला सांगितलं होतं. रिकाम्या जागेत काय आलं, ते सांगितलं नव्हतं. गव्हाणीच्या जागी जाळ्या, आणि जाळीत स्पॅनियल कुत्र्या. भुंकलं कुणी नाही. सगळ्या मागच्या भिंतीकडे सरकल्या. अंगावरच्या जटा इतक्या की कान कुठे संपतो ते कळेना. त्या भिंतीपलीकडे हे होतं, आणि मी पडदे निवडत होते.

“प्रॉथरोबाईंच्या पिल्लाची आई कोणती? ते मेलं, गेथिन.”

त्याचा चेहरा उतरला. “ही...” त्यानं बोट केलं, मग बोट हललं. “नाहीतर ती असेल.”

“नाव काय तिचं?”

“इथे नावं नाही ठेवत. नाव ठेवलं की मग... जड जातं.”

“बापाला आहे. टेगनला आहे. जन्मायच्या आधी पिल्लांच्या जातीलासुद्धा आहे.”

“नेरिस, ऐक ना. ही पिल्लं एवढी जाऊ दे. लग्न झालं की हे सगळं बंद. तुझ्या हातानं बंद कर.”

“टेगनला दाखवायला ठेवलंस. आणि टेगन खरी वाटावी म्हणून मला. या खऱ्या आईचं नाव ठेवलं नाहीस, माझं मात्र वापरलंस.”

“तसं नाहीये.” त्याचे डोळे भरले होते. “मी खोटं बोललो ते कुत्र्यांबद्दल. तुझ्याबद्दल एक शब्द खोटा नव्हता.”

“माहितीये,” मी म्हटलं. आणि खरंच माहीत होतं. तो लबाड निघाला असता तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. तो माझ्यावर जीव टाकत होता, त्याच हातांनी बारनला विंचरत होता, आणि त्याच हातांनी रोज हे दार लावून घेत होता. लग्न केलं असतं तर उद्या मीही लावायला शिकले असते. मला त्याचा राग आला त्यापेक्षा जास्त याची भीती वाटली.

तो गाडीपर्यंत मागे आला. “आज शुक्रवारच आहे,” म्हणाला. “तू रविवारी सांगणार होतीस ना?”

मी काच वर केली. वळणापर्यंत तो आरशात दिसत होता. रडत रडतच मी घाट उतरले.

सकाळी कौन्सिलला, म्हणजे आमच्या नगरपालिकेला, फोन लावला. फोन उचलणारी आवाजावरून माझ्याच वयाची मुलगी वाटली, घसा बसलेला, मधेच खोकत होती. तक्रार कुणाविरुद्ध, तिनं विचारलं. मी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, मग शेताचं, एकेक अक्षर सुटं करून. गोठा कुठे, जाळ्या किती, टेगन कोण, सगळं सांगितलं. आवाज कुठेही कापला नाही.

“आणि तुमचं त्यांच्याशी नातं?”

“माझं प्रेम आहे त्याच्यावर.”

पलीकडे खोकला थांबला. “असं... असं नाही लिहिता यायचं इथे,” ती अडखळत म्हणाली. “‘ओळखीची’ लिहू का?”

“लिहा,” मी म्हटलं.