पांढरी चौकट

नोरीन सेलरीच्या दांड्या कानाशी धरून मोडून बघत होती. मोडायची, ऐकायची, नाक मुरडायची आणि दुसरी उचलायची. बरबँकच्या त्या बाजारातला भाजीवाला आता तिला काही म्हणत नसे. मोडलेली प्रत्येक दांडी ती विकत घ्यायचीच.

"भाजी हुंगून घेणारे पाहिलेत," मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकून घेणारी आज पहिल्यांदाच बघतोय!"

तिनं वळून पाहिलं. उंच, किडकिडीत माणूस. बोटांना काळी शाई, आणि एवढ्या उन्हात डोक्याला लोकरीची टोपी!

"ऐकलं की फसगत होत नाही," ती म्हणाली. "शिळी असली तर नुसती वाकते. मला कडकन मोडणारी हवी."

"सूप करायचंय का?"

"छे! मानेचं हाड करायचंय."

तो एक पाऊल मागे सरला... आणि मग असा खळखळून हसला, की तिलाही हसू आवरेना.

नोरीन सिनेमाला आवाज पुरवायची. पडद्यावर कुणाची मान मोडली, की ती खरी मोडायची नोरीनच्या हातात. ओल्या चामड्यावर ठोसे, कलिंगडात सुरा, असा सगळा कारभार.

"म्हणजे माणसं तुम्ही मारता तर!"

"आठवड्याला चाळीसेक. आणि तुम्ही?"

"मी एकच मारला," तो म्हणाला, आणि उगाच संत्री चिवडत राहिला. "तोही कागदावर."

जाताना त्यानं एक संत्रं गुपचूप तिच्या पिशवीत टाकलं. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. असं करायला बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

त्याचं नाव थॅड कोवाल्स्की. क्लीव्हलंडच्या गोदीवरचा एक साधाभोळा रखवालदार त्यानं चित्रकथेत आणला होता. हा रखवालदार पाणपक्ष्यांना पाव घालायचा, झिंगलेल्या खलाशांना खांद्यावर टाकून घरी पोचवायचा आणि गुंडांना मारण्याआधी त्यांची माफी मागायचा. आता त्याचा सिनेमा होत होता, आणि थॅडला सल्लागार म्हणून बोलावलं होतं.

"सल्ला कुणी विचारत नाही," तो सांगायचा. "जेवण मात्र रोज घालतात."

"मग तक्रार कसली? जेवा की!"

"त्यांना वाटतं, रक्त कमी पडलं तर लोक म्हणतील, पोरांचा सिनेमा आहे. माझा रखवालदार हसतो ना, ते त्यांना पोरकट वाटतं. माणसं फाडली की तो मोठ्यांचा होणार!"

नोरीननं ती चित्रकथा वाचली होती. एकोणिसाव्या पानावर रखवालदाराच्या भावाला गुंड मारून टाकतात. थॅडनं तिथे आधी दोन सावल्या काढल्या होत्या. पुढची चौकट कोरी पांढरी. आणि त्यानंतर ओल्या फळ्यांवर पडलेली एक टोपी. बस्स.

"ती चौकट कोरी का रे?" महिन्याभरानं तिनं विचारलं. 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं.

दुपारची वेळ होती, आणि दोघं तिच्या आवाजाच्या खोलीत बसले होते.

"इथे पाऊसच पडत नाही," तो एकदम म्हणाला. "आमच्याकडे कसा, आठ-आठ दिवस..."

"एवढंच ना? ऊठ!"

तिनं त्याच्या हातात छत्री दिली, सवयीनं माइक सुरू केला आणि स्टुलावर चढून छत्रीवर मुठीमुठीनं तांदूळ सोडायला लागली. आधी भुरभुर, मग सरसर... थॅडनं डोळे मिटले.

"तुझ्या हातचा पाऊस," तो हसून म्हणाला. "ए, खाली ये ना. एकट्यानं काय भिजायचं?"

ती खाली उतरली. छत्री लहान होती. खांद्याला खांदा लागला, आणि दोघांपैकी कुणीच सरकलं नाही.

मग तो बोलला. चित्रातली ती टोपी खरी होती, थॅडच्या डोक्यावर होती तीच, त्याच्या मोठ्या भावाची, कॅझची. कॅझला गोदीवर मारलं होतं. थॅड पोचला तेव्हा श्वास चालू होता.

"असा..." म्हणून त्यानं तो श्वास करून दाखवला. आत जाणारा, मध्येच अडकणारा, बारीक शिटीसारखा बाहेर येणारा. चार वेळा. पाचव्याला त्याला रडू फुटलं. नोरीननं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

तो गेल्यावर तिला माइकचा लाल दिवा दिसला. अख्खं रेकॉर्ड झालं होतं. पुसायचंच होतं तिला! पण सुरुवातीला त्याचं ते हसणं होतं, 'तुझ्या हातचा पाऊस' होतं. ते पुसायला हात होईना.

पुढच्या महिन्यात भावाला मारण्याचा तो प्रसंग तिच्याकडे कामाला आला. पांढऱ्या चौकटीच्या जागी अडीच मिनिटांची मारहाण! अकरा जुड्या सेलरी लागली. ते जमलं, पण मरणाऱ्याचा श्वास दिग्दर्शकाला पटेना. सहा वेळा केला, सहाही वेळा "खोटा वाटतो."

वेळ संपत आली होती. तिचा वरिष्ठ गॉर्डी तिची जुनी रेकॉर्डिंग चाळत बसला आणि एकदम ओरडला, "हा! अगं, हा लपवून काय ठेवलास? कुणाचा आहे?"

तेव्हाच तिनं नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण ती म्हणाली, "एका मित्राचा."

थॅडला उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. तो उद्या नऊ दिवस लांबला.

दहाव्या दिवशी दुपारी सिनेमावर काम केलेल्यांसाठी पहिला खेळ होता. थॅड तिच्या शेजारी, तिची बोटं त्याच्या बोटांत. मारहाण सुरू झाली तसा त्यानं हात घट्ट धरला.

"ती मान तुझीच ना?" तो कानात पुटपुटला. बिचारा धीर धरायला विनोद करत होता.

"थॅड, मला काही सांगायचंय..."

आणि तेवढ्यात तो श्वास आला. एक. दोन. तिसऱ्याला त्याचा हात तिच्या हातातून निघून गेला.

बाहेर रणरणतं ऊन होतं.

"चुकून झालं," ती म्हणाली. "पावसासाठी माइक चालू होता..."

"आणि सिनेमात लावलास, तेही चुकून?"

तिनं पुढे केलेला हात त्यानं धरला नाही.

"ठोसे, रक्त, सगळं गिळलं असतं गं मी. त्यांना कॅझ माहीत नव्हता. तुला माहीत होता."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला, टोपी घातली आणि निघून गेला. त्या आठवड्यातच क्लीव्हलंडला परतला.

नोरीन गॉर्डीशी कडाकडा भांडली. सगळे आवाज काढून टाक, तो प्रसंग मुका जाऊ दे, म्हणाली.

"मुका? लोक बोंबलतील, थेटरचं मशीन बंद पडलं म्हणून!"

शेवटी गॉर्डीनं फक्त श्वास बदलू दिला, तोही दिग्दर्शकाच्या लक्षात येणार नसेल तरच. नोरीन माइकसमोर उभी राहिली. नाटक करावं लागलंच नाही. पहिल्याच खेपेला झालं. दिग्दर्शकाला पत्ताही लागला नाही.

'तुझा काढला. आता तिथे माझा आहे,' एवढंच तिनं त्याला लिहिलं. उत्तर आलं नाही.

नव्या चित्रकथा दुकानात बुधवारी येतात. त्यानंतर नोरीननं एकही बुधवार चुकवला नाही. सात महिन्यांनी रखवालदाराचा नवा अंक आला. तिनं तो दुकानातच उघडला.

सातव्या पानावर भाजीचा बाजार होता. एक मुलगी सेलरीची दांडी कानाशी धरून उभी. मागे टोपीवाला रखवालदार, काहीतरी बोलायला तोंड उघडलेला. नोरीनला हसूच आलं. केस कपाळावर कसे येतात तेसुद्धा त्याला आठवत होतं!

पुढची चौकट पांढरी होती.

आणि तिच्याखाली, रिकाम्या फळीवर, एक संत्रं.

जे त्याला सोसत नाही ते थॅड काढत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भाऊ गेला तिथे एक चौकट कोरी सोडली होती त्यानं. आता ही दुसरी. डोळ्यांतलं पाणी पानावर पडू नये म्हणून तिनं अंक दूर धरला.

दुकानदार तिच्या खांद्यावरून डोकावला. "अरेच्चा, छापायचं राहिलंय की! थांबा बाई, दुसरा अंक देतो."

"नको," नोरीन म्हणाली. "पान पूर्ण आहे."