धूरठसा

नागपूरच्या बालश्वसन केंद्रात खोकणाऱ्या मुलांना आता कुणी प्रश्न विचारत नसे. केसांची एक बट पुरे.

सिगारेट ओढणाऱ्याने सोडलेल्या धुराबरोबर त्याच्या लाळेचे, फुप्फुसांचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. ते जवळच्या मुलाच्या शरीरात जातात आणि वाढणाऱ्या केसात थराथराने मुरतात. कोणत्या दिवशी, कोणाचा धूर, हे यंत्र त्या थरांवरून सांगे. त्याला म्हणत ‘धूरठसा’. ज्याचा ठसा सापडे, त्याच्या घरी मूल पाठवायचे नाही, असा कायदाच होता.

तक्रार हेमराज ढोबळेनेच केली होती. घटस्फोटानंतर सहा वर्षांची ऋजुता आई चारुलताकडे राही, रविवारी त्याच्याकडे येई. आली की तिचे सुरू, “सुमेधबाबांनी मला पोहायला शिकवलं!” चारुलताच्या नव्या नवऱ्याच्या नावाला जोडलेला तो ‘बाबा’ हेमराजच्या काळजाला डाचे. सुमेध पूर्वी त्याच्याच ऑफिसात होता, दिवसाला पाकीटभर ओढायचा. ऋजुता खोकू लागली तेव्हा हेमराजला काळजी वाटली; पण खरे सांगायचे तर त्याहून जास्त आनंद झाला.

“ठसा सापडला ना?” त्याने अधीरपणे विचारले.

“सापडला,” केंद्रातल्या डॉ. भोयर म्हणाल्या. “दर सातव्या दिवशी. रविवारी. तुमचा.”

“शक्यच नाही! मी गॅलरीत ओढतो, दार लावून.”

“आणि मग आत येऊन तिला मांडीवर घेता. धूर कपड्यांत असतो, श्वासात असतो, सोफ्यातही बसलेला असतो.”

“आणि सुमेधचा?”

“एकही नाही. त्यांनी लग्नाआधीच सोडली म्हणे. मुलगी घरात आहे म्हणून.”

हेमराजला जे जमले नव्हते, ते त्या माणसाने परक्याच्या लेकीसाठी केले होते. भेटी बंद होणार, यापेक्षाही त्याला तेच जास्त झोंबले.

तो उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, “हा ठसा किती दिवस राहतो?”

“केस कापेपर्यंत.”

“मग चारुलताला सांगाल? एवढ्यात कापू नको म्हणावं.”

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिल्या. “अहो, विष आहे ते!”

“माहीत आहे,” हेमराज म्हणाला. “पण तिच्यात माझं असं आता तेवढंच उरलंय.”