रामनामाची मागची बाजू

"गणपतीला तुळस?" महानंदाक्कांनी चष्मा वर सारला. "ही कसली कादंबरी ग, शालन?"

शालनचे डोळे भरून आले. तिची पहिलीवहिली कादंबरी उद्या बंगळूरमध्ये, जयनगरच्या एका पुस्तकांच्या दुकानात प्रकाशित व्हायची होती. आज सकाळी कुणा 'परखड वाचका'ने फेसबुकवर तिचा शेवट फोडला. 'नायिका गणपतीला तुळस वाहते आणि नवऱ्याला टाकून निघून जाते. देवाला काय वाहावं, तेसुद्धा लेखिकेला ठाऊक नाही!'

दुकानदाराने कार्यक्रम रद्द केला. प्रकाशक रणजीत तर म्हणाला, गाजावाजा व्हावा म्हणून तुम्हीच फोडलंत. संध्याकाळपर्यंत खरा माणूस दाखवा, नाहीतर पुस्तक विसरा. म्हणून ती चामराजपेटेत अक्कांकडे धावत आली होती. अर्ध्या पेटेची कुलंगडी अक्कांनी बसल्या जागी उलगडली होती.

"पुस्तकात दूर्वाच आहेत हो, अक्का. पहिल्या खर्ड्यात घाईने तुळस लिहून गेले. पूजेला दूर्वा निवडताना जीभ चावली नि बदललं. मगच रणजीतना आणि शलाकाला वाचायला दिलं. नावं ठेवणाऱ्याला काय, तोंडाला येईल ते लिहितो."

"आणि तो पहिला खर्डा?"

"घरीच, देवघरात. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी रोज रामनाम लिहिते. कागद वाया कशाला घालवायचा?"

"सरी, ठीक आहे," अक्का उठल्या. "चल."

रणजीत वैतागलेलाच होता. "शेवट आठवतो का म्हणून काय विचारता? दूर्वांची जुडी वाहून ती अनवाणी निघते. नवरा फाटकापर्यंत तिच्या चपला घेऊन येतो, माफी मागतो. तिथे मी रडलो होतो. आता यांच्या नावाने रडतोय!"

शलाका शालनची मैत्रीण. जयनगरातलं वाचक मंडळ तीच चालवायची. "तो चपलांचाच उतारा मी उद्या वाचणार होते, अक्का. माझाच कार्यक्रम मी बुडवीन?"

"हिच्या घरी जाणंयेणं?"

"हिचं सोवळं पाहिलंय ना? मला चहासुद्धा व्हरांड्यात मिळतो!"

शालन ओशाळली.

घरी तिचा नवरा उपेंद्र पेढ्यांचा खोका घेऊन बसला होता. उद्या वाटायला आणलेले.

"घ्या, अक्का."

"चंद्रोदयापर्यंत नको. संकष्टी आहे. तुम्ही वाचली का हो कादंबरी?"

"मला त्यातलं स्वल्पही कळत नाही. एक पान वाचलं असेल तर शपथ! पण हिच्या व्रताला माझा हातभार आहे. रामनामाची भरलेली पानं राजाजीनगरच्या मठात मीच पोचवतो."

"पुण्याचं काम. स्कूटरने?"

"छे, बसने. रहदारीत बसून बसून जीव कंटाळतो."

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी रणजीत आणि शलाकाला फोन करून बोलावून घेतलं.

सगळे व्हरांड्यात जमल्यावर त्या हळू आवाजात बोलू लागल्या.

"फोडणाऱ्याने तुळस लिहिली. चपलांबद्दल चकार शब्द नाही. या दोघांच्या प्रतीत दूर्वा आहेत आणि चपलाही. म्हणजे त्याने ती प्रत पाहिलेलीच नाही. शालन, तुझ्या पहिल्या खर्ड्यात चपला होत्या?"

"नाही. त्या नंतर सुचल्या."

"बरोबर. त्याने वाचला तो पहिला खर्डा. तो आहे रामनामाच्या मागच्या बाजूला, देवघरात. शलाका व्हरांडा ओलांडत नाही. रणजीत तर या घरात आजच आला. ती पानं या घरातून एकाच हाताने बाहेर जातात. बसमध्ये कंटाळलेल्या माणसाने पान उलटलं. हो ना, उपेंद्र?"

पेढ्यांच्या खोक्याची दोरी उपेंद्र बोटाला गुंडाळत राहिला.

"बायको टाकून गेली, तो नवरा मीच, असं सगळ्यांनी म्हटलं असतं," तो शेवटी पुटपुटला. "ऑफिसात, नातलगांत. मी तोंड कुठे दाखवणार होतो? म्हटलं, बोभाटा झाला तर पुस्तकच अडेल."

रणजीतने मान खाली घातली. "शालनताई, चुकलं माझं. पुस्तक निघेल." तो दुकानदाराला फोन लावत पायऱ्या उतरला.

शालनला ते ऐकूच आलं नाही.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी मी रागावून अनवाणी बसस्टॉपवर गेले होते," ती म्हणाली. "तुम्ही चपला घेऊन मागे आलात. अख्ख्या पुस्तकात तुमचं म्हणून तेवढंच घेतलंय मी. ते पान तुमच्यापर्यंत पोचलंच नाही."

उपेंद्रने मान वर केली.

ती देवघरात गेली. भरलेली पानं तिने पदराखाली घेतली.

"आण, मी पोचवतो," तो सवयीने उठला. तिच्या चपला त्याने पुढे सरकवल्या.

"मठात आता मीच जाईन."

चपलांना वळसा घालून शालन अनवाणीच पायऱ्या उतरली.